उतार जपून गं

चिमे, नाव नोंदवलंस ते झकास केलंस. आता "ताई, यवतेश्वरचा घाट मला झेपेल का?" हे रोज रात्री विचारणं बंद कर. झेपेल. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या चढाची धास्ती सगळेच घालतात, उताराबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. माझी पहिल्या वर्षी वाट लावली ती उतारानेच.

एकवीस किलोमीटर म्हणजे निम्मं अंतर वर जायचं आणि त्याच घाटाने खाली यायचं. पोलीस परेड ग्राउंडवरून सुटलीस की आधी शहर लागतं. ओट्यांवर आज्या उभ्या असतात, पोरं टाळीसाठी हात पुढे करतात, आणि त्या भरात आपण उगाच पळत सुटतो. तिथे वेग आवर. समर्थ मंदिर मागे पडलं की घाट सुरू. तिथे घड्याळाकडे बघूच नकोस, श्वासाकडे बघ. शेजारच्याशी एक वाक्य बोलता येत नसेल तर सरळ चाल. चालण्यात कसली लाज? मी चालताना कितीतरी पळणाऱ्यांना गाठलंय. पावलं छोटी, नजर चार-पाच हात पुढे. एखाद्या वळणावर मात्र मागे वळून बघच. खाली अख्खा सातारा, समोर अजिंक्यतारा, मध्येच सगळं गिळून टाकणारं धुकं. हाच रस्ता पुढे कास पठाराला जातो. फुलांचेच दिवस असतात, पण पठार बघायला दुसऱ्या दिवशी जा.

आता उतार. मी वरून वळले आणि वाटलं, जिंकलं! ढांगा टाकत, टाचा आपटत सुटले. सोळाव्या किलोमीटरला मांड्या अशा भरून आल्या की पाय माझे राहिलेच नाहीत. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो, त्यामुळे तो जास्त दुखावतो. त्या दिवशी कळतही नाही, खरा ठणका एक-दोन दिवसांनी. मंगळवारी ऑफिसचा जिना मी कठडा धरून उलटी उतरले, आणि शिपाईकाका बघत होते!

म्हणून आत्तापासून पुण्याजवळच्या बोपदेव घाटात सराव करताना फक्त चढून रिक्षाने परत येऊ नकोस. उतरही पळत. पण हळूहळू वाढव, आणि शेवटचे दोन आठवडे उताराला अजिबात हात लावू नकोस. उतरताना पावलं जवळ-जवळ आणि भराभर टाक, गुडघा किंचित वाकलेला, अंग मागे रेलू देऊ नकोस. रेललीस की ब्रेक लागतो आणि तो मांडीतच लागतो.

बाकी बायकांचं बोलायचं तर, पावसात भिजलेली ब्रा शिवणीवर अशी काचते की आंघोळीला डोळ्यांतून पाणी येतं. आदल्या रात्री नाही, सकाळी निघताना व्हॅसलीन चोपड. पाळीची तारीख जवळ असेल तर जे नेहमी वापरतेस तेच वापर, त्या दिवशी नवे प्रयोग नकोत. तहान लागेल तसं पाणी पी, दिसेल त्या टेबलावर ढोसू नकोस.

आणि नखं तीन-चार दिवस आधी काप. उतारावर बोटं बुटाच्या पुढच्या टोकाला आपटतात. माझ्या अंगठ्याचं नख काळं पडून गळलं, तो बिननखाचा अंगठा तुझ्या लग्नातल्या फोटोंत दिसतोय बघ, हिरव्या नऊवारीखाली.