जुन्या मोटारीतील ध्वनियोजना : खरेदीपूर्वीचा हिशेब

आपल्या व्यापारी कुटुंबांतून जुनी मोटार सहसा सहज विकली जात नाही. वडिलांनी घेतलेली अँबॅसडर, लग्नसमारंभांना नेलेली पद्मिनी अथवा घरातील मुलांनी जिच्यावर हात बसविला ती मारुती ८०० आजही कित्येकांच्या अंगणात उभी आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली व जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अँबॅसडरही त्याच वर्षी बंद झाली. नव्या गाड्या येत राहिल्या तरी या गाड्यांचा लोभ कमी झालेला नाही, आणि त्यांतून फिरताना चार गाणी नीट ऐकू यावीत ही इच्छाही स्वाभाविकच आहे.

परंतु ही इच्छा घेऊन दुकानात गेलेला गृहस्थ बहुधा मोठ्या आकड्यांच्या पेट्या घेऊन परततो, आणि महिनाभरात त्याच्या पदरी घरघर, उतरलेली बॅटरी व मेस्त्रीचे बिल एवढेच पडते. हे टाळण्यास विद्युत्शास्त्राचे सखोल ज्ञान लागत नाही. आपण दुकानात रोज जी पारख करतो तीच येथे लावली म्हणजे पुरे. प्रस्तुत लेखात तीच पारख क्रमाने मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

वॅटचे वजन

शेर आणि मण जाऊन किलोग्रॅम आला, तेव्हा गावोगावच्या निरनिराळ्या मापांचा घोळ संपला. ध्वनिसाधनांच्या बाजारात तो घोळ अद्याप पुरता संपलेला नाही. तेथे ‘वॅट’ हा एकच शब्द दोन भिन्न मापांसाठी वापरला जातो. एक माप क्षणभराच्या कमाल शक्तीचे असते, तर दुसरे सतत मिळणाऱ्या शक्तीचे. या दुसऱ्या मापास व्यवहारात आरएमएस म्हणतात. पेटीवर ठळक अक्षरांत छापलेले माप बहुधा पहिले असते.

डॅशबोर्डमधील सेटवर ‘५० वॅट गुणिले ४’ असे लिहिलेले आपण पाहतो. इंजिन चालू असता गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात आणि मोटारीतील स्पीकर सामान्यतः ४ ओहमचा असतो. १४.४ चा वर्ग २०७, त्यास ४ ने भागले म्हणजे सुमारे ५२ वॅट येतात. पेटीवरील पन्नास ते हेच. परंतु ही लाटेच्या शिखरावरील क्षणिक शक्ती होय. सतत मिळणारी शक्ती कागदावरसुद्धा तिच्या निम्मी, म्हणजे २६ वॅट भरते. यंत्रातील तूट वजा जाता सामान्य रचनेच्या सेटमधून दर स्पीकरला १५ ते २२ वॅटच पोहोचतात.

याचा पडताळा घेण्याची एक सोपी युक्ती आहे. सेट उलटा करून मागचा फ्यूज पाहावा. तो पुष्कळदा १० अँपिअरचा असतो. १० अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे १४४ वॅट. ज्या यंत्राच्या पोटात एकंदर १४४ वॅटच जाऊ शकतात, ते सतत दोनशे वॅट बाहेर कोठून देणार? आवक-जावक जाणणाऱ्यास याहून अधिक पुरावा नको.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत मात्र शिक्का मारलेले वजन उपलब्ध आहे. अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ नावाचे प्रमाण ठरले. १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर आणि १ टक्क्याहून अधिक विकृती होऊ न देता जी शक्ती मिळेल तीच लिहावी, असा त्याचा आशय आहे. खरेदीच्या वेळी या प्रमाणाची खूण अथवा निदान आरएमएसचा आकडा मागावा. तो सांगता येत नसेल तर मोठ्या आकड्यास भुलू नये.

आणखी एक आकडा वॅटपेक्षाही कामाचा आहे. तो स्पीकरच्या संवेदनक्षमतेचा, म्हणजे १ वॅट दिला असता १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो याचा. आवाज ३ डेसिबलने वाढविण्यास शक्ती दुप्पट करावी लागते. म्हणून ९० डेसिबलच्या स्पीकरला १० वॅट दिल्यावर जेवढा आवाज निघतो, तेवढ्यासाठी ८७ डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट द्यावे लागतात. साध्या सेटवर गाडी चालवायची असल्यास संवेदनक्षम स्पीकर घेणे हाच काटकसरीचा मार्ग होय.

विजेचा जमाखर्च

गाडीतील विजेचीही एक खतावणी असते. डायनामो अथवा अल्टरनेटर ही जमेची बाजू, दिवे व वायपर ही खर्चाची बाजू, आणि बॅटरी ही ठेव होय. रोजचा खर्च ठेवीतून भागविणाऱ्या पेढीचे जे होते तेच अशा बॅटरीचे होते.

फार जुन्या, ब्रिटिश घडणीच्या गाड्यांतून अल्टरनेटरऐवजी डायनामो असे, आणि त्याची क्षमता चांगल्या वेगातसुद्धा २२ अँपिअरच्या आसपास असे. गाडी चौकात उभी राहिली की त्याची आवक जवळजवळ थांबते. पावसाळ्यात रात्री चोर्ल्याच्या घाटातून बेळगावहून गोव्याकडे निघालेल्या अशा गाडीचा हिशेब पाहावा. पुढचे दिवे ८ अँपिअर, मागचे व इतर दिवे २, इग्निशन ३ ते ४, वायपर ३. एकंदर १६ ते १७ अँपिअर येथेच संपले. शिल्लक राहिली जेमतेम ५ अँपिअरची.

आता चार स्पीकरना खरोखर पन्नास-पन्नास वॅट देणारा ॲम्प्लिफायर लावला असे समजू. जुन्या ‘एबी’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये सुमारे निम्मी वीज उष्णतेत जाते. त्यामुळे पूर्ण आवाजात त्यास २६-२७ अँपिअर लागतील. ‘डी’ वर्गाचा असल्यास १८-१९ पुरतात. संगीत सतत पूर्ण जोरात नसते व सरासरी खर्च याच्या तृतीयांशाहूनही कमी असतो, हे खरे. तरीही तबल्याच्या प्रत्येक थापेबरोबर पुढचे दिवे मंदावू लागले, तर जमेपेक्षा खर्च वाढल्याची ती सूचना समजावी. घाटातल्या वळणावर ही सूचना मिळणे इष्ट नव्हे. म्हणून अशा गाडीत आधी अल्टरनेटर बसवून घ्यावा, नाहीतर लहान ‘डी’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरवर समाधान मानावे.

आधी शांतता

जुन्या गाडीत संगीत ऐकू न येण्याचे मुख्य कारण पुष्कळदा स्पीकर नसून गाडीचाच गोंगाट हे असते. दारांची रबरे वाळलेली, काचा खडखडणाऱ्या, पत्रा ढोलासारखा वाजणारा. हा गोंगाट ३ डेसिबलने घटविला तर त्याचे फळ दुप्पट शक्तीच्या ॲम्प्लिफायरइतकेच मिळते आणि विजेचा खर्च शून्य येतो. म्हणून प्रथम दारांची रबरे बदलावी व दारांच्या पत्र्यास आतून ब्यूटिल रबराचे चिकट तक्ते लावावे. मात्र हे करताना दारांच्या तळाशी असलेली पाणी निचरण्याची भोके कदापि बुजवू नयेत. कोकण-गोव्याच्या पावसात ती बुजली तर दोन वर्षांत दार खालून कुजते.

स्पीकर कोठे बसवावे

मागच्या आसनामागील फळीवर मोठे लंबगोल स्पीकर बसविण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. डिकीची मोठी पोकळी खाली मिळत असल्याने त्यांचा खर्ज भरदार येतो, हे मान्य. परंतु मैफलीत गवई आपल्या पाठीमागे बसत नाही. पुढे बसणाऱ्यांस शब्द स्पष्ट ऐकू यावयाचे असतील, तर पहिला खर्च पुढच्या स्पीकरवरच झाला पाहिजे.

दारात बसविताना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, काच पूर्ण खाली उतरवून स्पीकरच्या चुंबकास ती लागत नाही ना, हे मोजून घ्यावे. दुसरी, स्पीकरच्या पुढील व मागील बाजूंच्या ध्वनिलहरी परस्परविरुद्ध असतात. त्या मिसळल्या की खर्ज नाहीसा होतो. म्हणून कडेच्या फटी व दाराच्या आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करावी. तिसरी, स्पीकरखालची कडी भुशाच्या दाबलेल्या फळीची करू नये, ती पाणी पिऊन फुगते. जलरोधक प्लायवुड अथवा प्लॅस्टिक वापरावे. मूळ पत्रा कापण्याचा मोह तर टाळावाच. कापलेला पत्रा परत जोडला जात नाही आणि जुन्या गाडीचे मोल तिच्या मूळ स्थितीत असते. जुना दोन खुंट्यांचा रेडिओ जागेवर तसाच ठेवून लहानसा ब्लूटूथ ॲम्प्लिफायर डॅशबोर्डच्या कप्प्यात दडविता येतो. फोनवरील गाणी त्यावर उत्तम वाजतात आणि गाडीचा चेहरा बिघडत नाही.

जोडणीतील धोके

येथे चूक झाल्यास पैशाबरोबर जिवाचाही प्रश्न येतो. ब्रिटिश घडणीच्या कित्येक जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. आजची साधने ऋण टोक सांगाड्यास आहे असे गृहीत धरतात. मीटरने तपासल्यावाचून काहीही जोडू नये. तसेच जुन्या रेडिओत स्पीकरची एक तार पुष्कळदा गाडीच्या पत्र्यासच जोडीत. आजच्या सेटमध्ये तसे केल्यास सेट जळू शकतो. म्हणून प्रत्येक स्पीकरसाठी दोन स्वतंत्र तारा नव्याने ओढाव्या.

ॲम्प्लिफायरची मुख्य तार थेट बॅटरीपासून आणावी व बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवावा. हा फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. पत्र्याच्या भोकातून जाणारी तार घासून उघडी पडली आणि मध्ये फ्यूज नसला, तर बॅटरीची सगळी शक्ती त्या एका ठिकाणी उतरते व गाडी पेटते. त्या भोकात रबरी ग्रोमेट अवश्य असावे. वर सांगितलेल्या ॲम्प्लिफायरसाठी तार निदान ८ चौरस मिलिमीटरची आणि शुद्ध तांब्याची घ्यावी. बाजारात ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते, पण तिची वाहकता तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. टोक चाकूने खरवडून आत पांढरे दिसले तर ती भेसळ ओळखावी.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येऊ लागली, तर दोष बहुधा सांगाड्याच्या जोडणीत असतो. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर जोड घट्ट करावा, आणि संगीताची तार विजेच्या तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या अंगाने न्यावी.

खर्चाचा क्रम

तात्पर्य, पहिला रुपया बॅटरी, चार्जिंग व तारा यांवर, दुसरा रबरे व पत्र्याच्या तक्त्यांवर, तिसरा पुढच्या स्पीकरवर खर्च करावा. एवढे करून महिनाभर गाडी वापरावी. त्यानंतरही उणे वाटले तरच ॲम्प्लिफायर घ्यावा. खर्जाचा मोठा स्पीकर सर्वांत शेवटी. आमचा अनुभव असा की, तिसऱ्या पायरीवर पुष्कळांचे समाधान होते व पुढचा खर्च वाचतो.

आवाजाच्या मर्यादेविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ८८ चा ४ तास आणि ९१ चा २ तास, याहून अधिक कानांवर पडू नये, अशी अमेरिकेतील एका सरकारी संस्थेची शिफारस आहे. मागच्या आसनावर नातवंडे बसलेली असताना घरच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. घाटात समोरून येणाऱ्या मालमोटारीचा हॉर्न ऐकू येईल इतकाच आवाज ठेवणे सर्वांच्या हिताचे आहे.