मुक्या जनावरांचें अन्न

ज्याच्या घरीं गाय, बैल, शेळी, कुत्रा किंवा मांजर आहे त्यास त्या जनावराविषयीं माया वाटतेच. आणि ही माया आपण बहुधा अन्नाच्या रूपानेंच प्रकट करितों. सणाच्या दिवशीं बैलास पुरणपोळी, लग्नकार्यांत उरलेला भात गाईस, जेवतांना ताटांतला घास कुत्र्यास आणि वाटीभर दूध मांजरास देतांना आपल्या मनांत केवळ सद्भाव असतो. परंतु पशुवैद्यांकडे येणाऱ्या कित्येक दुखण्यांचें मूळ या सद्भावांतच असतें. असें कां व्हावें, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं करावा, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. प्रेमास मन पुरतें. पोषणास मात्र ज्या पोटांत अन्न जावयाचें त्या पोटाचें ज्ञान लागतें.

प्रथम बैलाचें पोट पाहूं. माणसाचें जठर एकच असतें. गाय, बैल, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांपैकीं पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. पूर्ण वाढलेल्या बैलाच्या कोठीपोटांत १०० लिटरांहून अधिक ऐवज मावतो. शेतकऱ्याच्या घरांत जशी धान्याची कोठी, तशी ही चाऱ्याची कोठी होय. मात्र तींत चारा नुसता पडून राहत नाहीं. डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव तेथें वस्ती करून असतात. ते चारा आंबवितात व शरीरास उपयोगी पडतील अशा पदार्थांत त्याचें रूपांतर करितात. कडब्याचा जो तंतुमय भाग माणसास पचत नाहीं, तो बैलास पचतो तो या जीवांच्या साहाय्यानें. तेव्हां बैलास वैरण घालणें म्हणजे खरोखर या जीवांस जेवूं घालणें होय.

गिळलेला चारा पुन्हां तोंडांत आणून बैल तो संथपणें चघळतो. यासच आपण रवंथ म्हणतों. निरोगी गाय किंवा बैल दिवसाचे ६ ते ८ तास रवंथांत घालवितो. या वेळीं लाळ सुटते आणि मोठ्या जनावरांत तिचें प्रमाण दिवसास १०० लिटरांच्या आसपास जातें. या लाळेंत खाण्याच्या सोड्याचा अंश असतो. कोठीपोटांत उत्पन्न होणारें आम्ल त्यायोगें सौम्य होतें. चारा जितका जाडाभरडा तितकें चर्वण अधिक, आणि चर्वण जितकें अधिक तितकी लाळ अधिक.

आतां पोळ्याचा सण घ्या. वर्षभर राबलेल्या बैलांस त्या दिवशीं न्हाऊं घालितात, त्यांचीं शिंगें रंगवितात, पाठीवर झूल घालितात आणि पुरणपोळी भरवितात. घास हा घासापुरता असेल तर चिंता नाहीं. परंतु मिरवत निघालेल्या बैलास प्रत्येक दारीं पोळी मिळाली, म्हणजे सायंकाळपर्यंत त्याच्या पोटांत केवढा भार जातो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. गव्हाचें पीठ, डाळ व गूळ हे पदार्थ कोठीपोटांत फार त्वरेनें आंबतात. त्यांस चघळावें लागत नाहीं, म्हणून लाळही पुरेशी सुटत नाहीं. आम्ल वाढूं लागतें. कडबा पचविणारे जीव मरतात व तीव्र दुग्धाम्ल निर्माण करणारे दुसरे जीव माजतात. रक्तांतील पाणी ओढलें जाऊन पोटांत सांचतें. मग बैल रवंथ सोडतो, दांत खातो, आंबूस वासाचें पातळ शेण टाकतो. त्याचे डोळे खोल जातात, आणि बसलेला बैल उठेनासा होतो. वेळीं उपचार न झाल्यास एक-दोन दिवसांत तो दगावतो. जो वांचतो त्याच्या खुरांस सूज येऊन तो कधीं कधीं लंगडा होतो. मांडवामागें टाकलेल्या भातावर किंवा उघड्या राहिलेल्या धान्याच्या पोत्यावर तोंड टाकणाऱ्या गाईची गत याहून निराळी नसते. ज्या शेतकऱ्याची सारी शेती एका बैलजोडीवर चालते, त्याचा एक बैल सणाच्या दुसऱ्या दिवशीं गेला, तर पुढील पेरणी कोणाच्या बळावर व्हावी?

जें आपलें अन्न तें बैलाचें नव्हे, हें यावरून कळतें. परंतु जें बैलाचें अन्न तेंही सदासर्वकाळ हितकर असतें असें नाहीं. पूर्ण वाढलेल्या ज्वारीचा वाळलेला कडबा हा आपल्या गोठ्यांचा मोठा आधार. त्याच ज्वारीचीं कोवळीं ताटें मात्र घातक ठरतात. कोवळ्या ताटांत असें एक द्रव्य असतें कीं, पोटांत गेल्यावर त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हें जलाल विष सुटतें. या विषामुळें श्वास चालू असूनही शरीरास प्राणवायूचा उपयोग करितां येत नाहीं. पावसानें ओढ दिल्यामुळें खुरटलेलें पीक आणि कापणीनंतर बुडख्यास फुटलेले फुटवे यांत विषाचें प्रमाण विशेष असतें. भुकेलें जनावर अशा शेतांत शिरलें तर कांहीं मिनिटांतच धापा टाकूं लागतें, अडखळतें व कोसळतें. पशुवैद्याजवळ यावर शिरेंतून देण्याचें औषध असतें, पण तो येईपर्यंत वेळ उरतोच असें नाहीं. यास्तव ज्वारी फुलोऱ्यास येण्यापूर्वीं तींत जनावर सोडूं नये.

येथवर खाल्लेल्या पदार्थांमुळें होणारे रोग पाहिले. कांहीं रोग न मिळालेल्या पदार्थांमुळें, आणि तेही भरल्या पोटीं होतात. दक्षिण आफ्रिकेंतील माळरानांवर पूर्वीं गाईबैलांस ‘लामसीक्ते’ नांवाचा रोग होत असे. पुष्कळ चरूनही गुरें अंग लुळें पडून मरत. प्रिटोरियाजवळील ऑन्डरस्टेपोर्ट येथील संस्थेंत अर्नोल्ड थायलर या पशुवैद्यानें १९२० च्या सुमारास या रोगाचा उलगडा केला. त्या माळरानांच्या मातींत फॉस्फरस अल्प, म्हणून गवतांतही तो अल्प. ही उणीव भरून काढण्याच्या ओढीनें गुरें रानांत पडलेलीं मेल्या जनावरांचीं हाडें चघळीत, आणि त्या कुजक्या हाडांवरील विषानें मरत. स्वच्छ हाडांचा चुरा त्यांच्या खाण्यांत घातला, तेव्हां त्यांची ती ओढ कमी झाली. आपल्याकडेही एखादी गाय भिंत चाटते, चिंध्या, दोर किंवा हाडें चघळते, तेव्हां आपण तिला खोडकर म्हणून मारतों. परंतु तें बहुधा तिच्या शरीराचें मागणें असतें. तिला मार नको. क्षारमिश्रण हवें, आणि पोटांत जंत असल्यास त्यांवर औषध हवें. हाच विचार शहरांतील विद्यार्थ्यांनींही करावा. उष्टें अन्न प्लास्टिकच्या पिशवींत बांधून रस्त्यावर टाकलें म्हणजे गाय तें पिशवीसकट गिळते. अन्न पचतें, पिशवी मात्र कोठीपोटांत राहते. आणि अशा पिशव्या सांचतां सांचतां चाऱ्यास जागा उरत नाहीं.

घरांतील लहान प्राण्यांसही हाच न्याय लागू आहे. कुत्रा आपल्या पानांतील बहुतेक पदार्थ आवडीनें खातो, म्हणून ते सर्व त्यास मानवतात असें समजूं नये. कांद्यानें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट होतात. चॉकलेटमधील थिओब्रोमिन हें द्रव्य त्याच्या शरीरांतून फार सावकाश बाहेर पडतें व हृदयास आणि मज्जातंतूंस बाधा करितें. द्राक्षें व शिऱ्यांतले बेदाणे यांमुळें त्याचीं मूत्रपिंडें निकामी झाल्याचीं उदाहरणें आहेत. मांजराची गोष्ट याहून निराळी. तें जातीनें मांसभक्षक होय. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्याच्या हृदयास व डोळ्यांस अवश्य लागतें. परंतु तें स्वतःच्या शरीरांत पुरेसें तयार करण्याची शक्ति मांजरास नाहीं. हें द्रव्य मांसांत व मासळींत असतें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं १९८७ सालीं असें दाखविलें कीं, बाजारी खाद्यावर वाढलेल्या कित्येक मांजरांचें हृदय टॉरिनच्या अभावीं दुर्बळ होऊन फुगत होतें, आणि टॉरिन देतांच त्यांतील बरींचशीं सुधारलीं. तेव्हां केवळ दूधभातावर ठेवलेलें मांजर गुबगुबीत दिसलें, तरी तें सुपोषित आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, जनावरास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. तें आपणच ओळखिलें पाहिजे. सायंकाळीं गोठ्यांत जाऊन गाय रवंथ करीत आहे कीं नाहीं हें पाहावें. तिच्या डाव्या भकाळीवर मूठ हलकेच दाबून धरावी. कोठीपोट निरोगी असेल तर मिनिटास एक-दोन वेळां आंतून लाट उठून मुठीस लागते. ती लाट मंदावली, तर वडिलांस लगेच सांगावें आणि पशुवैद्यास बोलवावें. वैरण बदलावयाची असेल तर एकाएकीं न बदलतां दहा-पंधरा दिवसांत थोडी थोडी बदलावी, म्हणजे कोठीपोटांतील जीवांस नव्या अन्नाची संवय होते. आणि पोळ्याच्या दिवशीं बैलास ओवाळून एक घास पुरणपोळीचा अवश्य द्यावा; मात्र त्यापूर्वीं त्याच्यापुढें कडब्याची पेंढी टाकण्यास विसरूं नये, आणि शेजारच्या दारींही हें सांगून ठेवावें.