कोड लागायच्या आधी

पोरी, अकोल्याच्या सर्वोपचारला रुजू होतेस, तं इर्विन हॉस्पिटलच्या वॉर्डात केस पिकवलेल्या तुझ्या आत्याचं ऐक. कोड लागला, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडलं, की सगळेच धावतात. कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं असलं तरच काम होतं.

ओव्हर घेतली की क्रॅश ट्रॉलीपाशी जा. सील शाबूत असेल तर ड्रॉवर उघडू नको, सीलचा नंबर आणि सगळ्यात जवळची एक्स्पायरी वहीत लिही. सीलबाहेरचं मात्र रोज हाताळायचं. लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून पाहा. अंबू बॅगचं तोंड तळहातावर दाबून बॅग पीळ. सहज चपटी झाली तर व्हॉल्व्ह गेला. सक्शनची नळी बोटानं बंद केली की काटा चढला पाहिजे. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच बांध, काहून की ती नेमकी कोणाच्या तरी ॲप्रनच्या खिशातून घरी जाते. डिफिब्रिलेटर प्लग काढून बॅटरीवर तपास. मे महिन्यात लाइन गेल्यावर बॅटरी मेली कळून काय उपयोग?

पेशंट आचके देतो म्हणजे श्वास चालू आहे, असं समजू नको. 10 सेकंदांत नाडी लागली नाही की दाबायला लाग: मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ दे. गादी मऊ असेल तर पाठीखाली फळी सरकव. तू बुटकी, तुला स्टूल लागेलच. 2 मिनिटांनी हात बदल, दमली नसशील तरी. आपला दाब उथळ झाला हे दाबणाऱ्याला कळत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामेजल्या छातीवर पॅड चिकटत नाहीत, आधी पुसून घे. आणि बाप्पा, सपाट रेषेला शॉक नसतो, तो सिनेमातला प्रकार. लीड निखळली नाही ना पाहा, ॲड्रेनॅलिन दे, दाबत राहा.

ड्यूटीच्या सुरुवातीलाच कामं वाटून घ्या: दाबणार कोण, अंबू कोणाकडे, मशीन कोणाचं, औषध कोण देणार, घड्याळ आणि वही कोणाच्या हाती. हुकूम देणाऱ्या डॉक्टरांनी हात मोकळे ठेवून पायथ्याशी उभं राहिलेलं बरं. ॲड्रेनॅलिन 1 मिलिग्रॅम दिलं की मोठ्यानं सांग. वहीवाला वेळ लिहील आणि 3 ते 5 मिनिटांनी पुढच्या डोसची आठवण तोच देईल. रात्री दोघीच असाल तर एकीनं हाक मारून मशीन आणायचं, दुसरीनं दाबणं सोडायचं नाही. म्हणूनच वॉर्डातल्या मावशीला, वॉर्डबॉयलाही शिकव. इंडियन रिससिटेशन कौन्सिलनं नुसतं छाती दाबायचा सीओएलएसचा धडा सामान्य माणसासाठीच बांधला आहे.

सीपीआरचं सर्टिफिकेट 2 वर्षं चालतं, हात मात्र काही महिन्यांतच विसरतात. तेव्हा सरावाचा पुतळा वरचेवर वॉर्डातच मागवून पाच-पाच मिनिटं दाबत जा. रात्रपाळीतही न सांगता ड्रिल घ्या. पोट्टे कुरकुरतील, कुरकुरू दे.

कोड संपला, निकाल काहीही लागो, चहाआधी ट्रॉली भरून नवं सील लाव. आणि स्टूल नसेल तर मेट्रनकडे लेखी माग. तोंडी मागणी स्टोअरपर्यंत पोचत नाही.