तिरंगी मनी आणि मिटून बसलेलं गुणसूत्र

प्रश्न : आमच्या मनीच्या अंगावर काळा, तांबूस आणि पांढरा असे तीन रंग आहेत. सासूबाई म्हणतात, अशी तिरंगी मांजर भाटीच असते, बोका कधी नसतो. मुलगा म्हणतो, योगायोग आहे. खरं काय? आणि एकाच अंगावर इतके रंग येतात तरी कसे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सासूबाई जिंकल्या. अगदी शंभर टक्के नाही, पण त्या अपवादाकडे नंतर येऊ.

पांढरा आधी बाजूला ठेवू. तो मुळात रंगच नव्हे. पिल्लू पोटात वाढत असताना रंग बनवणाऱ्या पेशी पाठीकडून पोटाकडे आणि पायांकडे सरकत जातात. जिथे त्या पोहोचत नाहीत तिथले केस पांढरे राहतात. खरी गंमत काळ्या-तांबसाची. तांबूस रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तो एक तर काळा, नाही तर तांबूस. भाटीकडे एक्स दोन. मनीच्या एका एक्सवर तांबूस करणारं जनुक आहे, दुसऱ्यावर ते नाही. मग दोन्ही मिळून मधलाच एखादा मळकट रंग का होत नाही?

मनी उन्हात पसरलेली असताना तिच्या पाठीवरून उलटा हात फिरवा आणि जवळून बघा. केस काळा तरी असेल किंवा तांबूस तरी. एकाच केसात दोन्हींची सरमिसळ सहसा सापडणार नाही. कारण तिच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स कामावर असतो. दुसरा तिथेच असतो, पण बंद.

हे ‘बंद असणं’ नीट समजून घेण्यासारखं आहे. शाळेच्या पुस्तकांत जनुक असतं किंवा नसतं, एवढंच सांगून विषय संपतो, आणि अर्धी गोष्ट तिथेच हरवते. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरेल, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्याही नसलेल्या केंद्रकात. मावतो, कारण हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर तो रिळावर दोरा गुंडाळावा तसा गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांचा एक गोळा, त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ अक्षरांचे दोनाला थोडे कमी वेढे, मग पुढचा गोळा. ही नुसती साठवण नव्हे. हिस्टोनांच्या शेपट्या बाहेर लोंबत असतात आणि इतर प्रथिनं त्यांवर रासायनिक खुणा चिकटवतात, काढतात. अ‍ॅसिटिलची खूण लागली की गुंडाळी सैल पडते आणि जनुक वाचणारी यंत्रणा आत शिरू शकते. ती खूण निघाली की गुंडाळी आवळते आणि जनुक असूनही नसल्यासारखं होतं. डीएनएचं एक अक्षरही बदललेलं नसतं.

मनी अगदी लहानसा भ्रूण असताना तिच्या प्रत्येक पेशीने दोनपैकी एक एक्स असाच बंद केला. कुठला, याला नियम नाही. जो बंद व्हायचा त्याच्यावरूनच ‘झिस्ट’ नावाचा लांबलचक आरएनए तयार होतो. त्यापासून प्रथिन बनत नाही. तो त्याच गुणसूत्राला लपेटून बसतो. त्याला स्पेन नावाचं प्रथिन येऊन चिकटतं आणि अ‍ॅसिटिल काढणाऱ्या विकराला कामाला लावतं. पॉलिकोंब गटाची प्रथिनं मिथिलच्या खुणा लावतात, पुढे खुद्द डीएनएवरही मिथिल चढतं. अख्खं गुणसूत्र आक्रसून जातं. पेशी विभागत गेली तरी तिच्या सगळ्या वारसांत तोच एक्स बंद राहतो. मनीच्या अंगावरचा काळा किंवा तांबूस पट्टा म्हणजे अशा वारसांची वस्ती.

हा आक्रसलेला ठिपका पहिल्यांदा दिसला तोही मांजरातच. १९४९ मध्ये कॅनडात मरे बार आणि इवर्ट बर्ट्राम मांजरांच्या चेतापेशी तपासत होते. तो ठिपका फक्त माद्यांमध्ये मिळाला. तो म्हणजे मिटलेला एक्स आहे आणि दोनपैकी कुठलाही मिटू शकतो, हे १९६१ मध्ये इंग्लंडच्या मेरी लायन यांनी मांडलं, उंदरांच्या कातडीवरचे ठिपके पाहून. बायकांच्या शरीरातही हेच चालतं, फक्त अंगावर दिसत नाही. शिवाय माणसात बंद एक्सवरची १५ टक्क्यांच्या आसपास जनुकं बंदी चुकवून चालूच राहतात.

एकदा लागलेलं हे कुलूप किती पक्कं असतं, ते टेक्सासमध्ये दिसलं. डिसेंबर २००१ मध्ये तिथल्या ए अँड एम विद्यापीठात रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीपासून पहिली क्लोन मांजर जन्मली, सीसी. डीएनए तोच, पण सीसीच्या अंगावर तांबसाचा मागमूस नाही! ज्या पेशीचं केंद्रक घेतलं तिच्यात तांबूसवाला एक्स आधीच बंद होता, आणि तो पुन्हा उघडला नाही. लाडक्या मांजराची हुबेहूब प्रत करून मिळेल म्हणून मोठी रक्कम मोजणाऱ्यांनी सीसीचा फोटो आधी बघावा.

तांबूस जनुक नेमकं कुठलं, हे मात्र २०२५ मध्ये जपानी आणि अमेरिकी गटांनी छापलं. एआरएचजीएपी३६ नावाच्या जनुकाजवळचा सुमारे ५,००० अक्षरांचा तुकडा तांबूस मांजरांत गळालेला असतो. प्रथिन जसंच्या तसं राहतं. एरवी रंगपेशीत गप्प असणारं जनुक तिथे चालू होतं, इतकंच.

आता अपवाद. हजारांत एखादा बोका दोन एक्स आणि एक वाय घेऊन जन्मतो. तो तिरंगी होऊ शकतो, पण बहुधा त्याला पिल्लं होत नाहीत. जपानी खलाशी असा बोका शुभ मानत. १९५६ मध्ये निघालेल्या त्यांच्या अंटार्क्टिका मोहिमेतही ताकेशी नावाचा एक तिरंगी बोका होता.

मनीला पिल्लं होणार असतील आणि बाप काळा असेल, तर मुलाशी पैज लावायला हरकत नाही : तिचे बोके साधारण निम्मे तांबूस, निम्मे काळे निघतील, भाट्यांपैकी निम्म्या काळ्या, निम्म्या काळ्या-तांबूस. पांढरा कुणाच्या वाट्याला किती येईल, हा हिशेब वेगळा.