घरच्या कुत्र्यास खच्ची करावें काय?

खोंड वयांत आला कीं त्यास खच्ची करून औताला जुंपावयाचें, ही रीत आपल्या खेड्यांत इतकी जुनी आहे कीं तिच्याविषयीं कोणी चर्चा करीत बसत नाहीं. पूर्वीं गांवचा जाणता माणूस खोंड पाडून बडवीत असे. पुढें बर्डिझो नांवाचा इटालियन चिमटा आला व हें काम जनावरांच्या दवाखान्यांत होऊं लागलें. एवढाच काय तो फरक. हें सर्व डोळ्यांनीं पाहिलेल्या घरांतच, अंगणांतल्या आठ महिन्यांच्या कुत्र्याचा प्रश्न निघाला म्हणजे मात्र चार माणसांचीं चार मतें होतात. पशुवैद्य म्हणतात, "ह्याचें निर्बीजीकरण करून घ्या." आजोबांना त्यांत पाप दिसतें. वडिलांना भय वाटतें कीं कुत्रा मऊ पडेल व राखण करणार नाहीं. आईचें म्हणणें, रात्रभर साखळी ओढून रडणारें हें जनावर एकदांचें शांत होईल तर बरें. आणि ज्यानें त्यास वाटींतून दूध पाजून वाढविलें, तो मुलगा टेबलावर निपचित पडलेला कुत्रा मनांत आणून जेवत नाहीं.

ह्या विषयाचें नांव वर्गांत काढतांच मागच्या बांकांवर खसखस पिकते, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु जें शरीरशास्त्राच्या पुस्तकांत छापतां येतें तें शाळेच्या वार्षिकांतहि छापण्यास हरकत नसावी. शिवाय ज्या घरीं कुत्रा आहे त्या घरीं हा निर्णय आज ना उद्यां करावाच लागतो, आणि न करणें हाहि एक निर्णयच होय.

आरंभीं शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. वर्तमानपत्रांत 'कुत्र्यांची नसबंदी' असें सर्रास लिहितात. नसबंदींत केवळ बीजवाहक नलिका बांधतात. वृषण जागच्या जागीं राहतात, व त्यांतून रक्तांत उतरणारा टेस्टोस्टेरॉन नांवाचा स्राव पूर्वींप्रमाणेंच चालूं राहतो. अशा नरास संतति होणार नाहीं, पण त्याची भटकंती, त्याचीं भांडणें, सगळें तसेंच राहील. कुत्र्यावर जी शस्त्रक्रिया सामान्यतः करतात ती ही नव्हे. तींत संपूर्ण भूल देऊन दोन्ही वृषण काढून टाकतात. काम थोड्या वेळाचें असतें व बहुतेक कुत्रे त्याच दिवशीं घरीं येतात. टेस्टोस्टेरॉन थोड्याच अवधींत उतरतें. परंतु नलिकांत साठलेलें बीज कांहीं आठवडे टिकतें, म्हणून शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिना त्यास माजावर आलेल्या कुत्रीपासून दूर ठेवावें लागतें. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते, आणि मग डॉक्टरांच्या हातास विनाकारण दोष लागतो.

आतां, मालकाला ह्यापासून काय मिळावें अशी आशा असते? सोफा फाडणें, चपला पळविणें, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणें हें सर्व थांबेल अशी पुष्कळांची समजूत असते. ती सोडून द्यावी. ह्या खोड्या नरपणाच्या नसून पोरवयाच्या आहेत. त्यांवर उपाय म्हणजे शिकवण, फिरणें आणि काळ. ज्या संवयी खरोखर नरपणापासून निघतात त्या वेगळ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत, वाढ पुरी झाल्यावर खच्ची केलेल्या ४२ कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली होती. घर सोडून भटकण्याची संवय दहांपैकीं नऊ कुत्र्यांत कमी झाली. इतर नरांशीं भांडणें, घरांत ठिकठिकाणीं लघवी करून हद्द आंखणें, माणसांवर वा कुत्र्यांवर चढणें, ह्या गोष्टी निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत कुत्र्यांत कमी झाल्या. अर्थात् बाकीच्यांत झाल्या नाहींत, हेंहि त्याच आंकड्यांत लिहिलेलें आहे.

वडिलांच्या भयाचें उत्तरहि येथेंच देतां येईल. परक्यावर भुंकणें व दार राखणें हें टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून नाहीं. कुत्री काय कमी राखण करते? खच्ची केलेला कुत्रा दारावरच राहतो, आणि न केलेला, राखणीची खरी गरज असलेल्या रात्रींच कदाचित् दोन मैलांवर कोणा कुत्रीच्या मागें असतो. मात्र भीतीनें चावणारा कुत्रा ह्या उपायानें सुधारत नाहीं. उलट कित्येक अभ्यासांत खच्ची केलेल्या कुत्र्यांत भित्रेपणा अधिक आढळला आहे. फटाक्यांच्या आवाजानें खाटेखालीं शिरणारा, अनोळखी हात पुढें येतांच दांत दाखविणारा असा पिल्लाचा स्वभाव असेल तर घाई करूं नये. आधीं त्याची भीति कमी करण्याकडे लक्ष द्यावें.

शरीराच्या बाजूनें पाहतां जमाखर्च असा आहे. वृषणच नाहींत तेथें वृषणाचा अर्बुद होणार नाहीं, हें उघड आहे. उतारवयांत नराची प्रोस्टेट ग्रंथि फुगते व त्यास मलविसर्जनास त्रास होतो. तो विकार खच्ची केलेल्या कुत्र्यास सहसा होत नाहीं. परंतु त्याच ग्रंथीचा कर्करोग ह्यानें टळत नाहीं. तो दुर्मिळ आहे, पण खच्ची केलेल्यांत कांहीसा अधिकच आढळतो. दुसरें असें कीं, वृषणांचा स्राव हाडांची वाढ वेळेवर थांबविण्यास मदत करतो. तो लवकर बंद झाला तर लांब हाडांच्या टोकांशीं असलेली वाढीची कूर्चा उशीरां मिटते आणि पाय जरा अधिक लांबतात. लहान चणीच्या कुत्र्यास ह्याचें कांहीं वाटत नाहीं. जड कुत्र्याच्या सांध्यांस वाटतें.

ह्याविषयीं बेंजामिन हार्ट व त्यांचे सहकारी यांनीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथें केलेलें काम महत्त्वाचें आहे. २०१३ सालीं त्यांनीं ७५९ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या दवाखान्यांतील नोंदी तपासल्या. एक वर्षाच्या आंत खच्ची केलेल्या नरांपैकीं १० टक्क्यांस खुब्याच्या सांध्याचा विकार होता. न केलेल्यांत त्याच्या निम्मा. २०२० सालीं त्यांनीं ३५ जातींचा असाच पडताळा घेतला. लहान जातींत सांध्यांवर बहुधा परिणाम दिसला नाहीं. मोठ्या बहुतेक जातींत दिसला. आणि गंमत अशी कीं ग्रेट डेन व आयरिश वुल्फहाउंड ह्या अगदीं धिप्पाड जाती मात्र त्यास अपवाद ठरल्या. संकरित कुत्र्यांच्या निराळ्या अभ्यासांत सुमारें २० किलो वजन ही सीमारेषा ठरली: त्याहून मोठ्या होणाऱ्या कुत्र्यास वर्षाच्या आंत खच्ची केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, लहानांत वाढत नाहींत. म्हणून 'सहा महिन्यांत करून टाका' हा एकेकाळचा सरसकट सल्ला आज जसाच्या तसा घेतां येत नाहीं.

त्या ३५ जातींत आपल्या देशाची एकहि जात नव्हती. तेव्हां सांगली-सोलापूरकडे ज्याच्या घरीं कारवानी पिल्लू आहे त्यानें काय समजावें? हा उंच, सडपातळ, लांब हाडाचा शिकारी कुत्रा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं ह्या जातीस आश्रय दिला, आणि २००५ सालीं मुधोळ हाउंडच्या चित्राचें टपाल तिकीट निघालें. अशा चणीच्या कुत्र्याची वाढ पुरी होऊं द्यावी, दीड-दोन वर्षांपर्यंत थांबावें, हें आमच्या मतें शहाणपणाचें. ह्या जातींच्या अंगावर चरबी फार थोडी असल्यामुळें भुलेच्या कांहीं औषधांतून ते सावकाश शुद्धीवर येतात. म्हणून कुत्रा कोणत्या जातीचा हें डॉक्टरांस आधींच सांगितलें पाहिजे. 'जात चांगली आहे, वंश राहूं द्या' असें शेजारी म्हणतील. म्हणणें वाजवी आहे, पण त्याच्या जोडीस त्याच जातीची निरोगी कुत्री कोठें आहे, पिल्लें झाल्यास तीं कोणाच्या घरीं जाणार, ह्याचें उत्तर जवळ नसतां वंशाच्या गोष्टी बोलणें व्यर्थ आहे.

गावठी कुत्र्याची गोष्ट वेगळी. तो बहुधा २० किलोंच्या आगेमागेंच राहतो आणि पुष्कळ घरीं तो दिवसा दारांत व रात्रीं गल्लींत अशा दुहेरी संसारांत असतो. कुत्री साधारण वर्षांतून दोनदां माजावर येते. त्या दिवसांत तिच्यामागें लागलेला घोळका आपण सर्वांनीं पाहिला आहे: फाटलेले कान, सुजलेले पाय, मोटारीखालीं सांपडलेला एखादा. त्याखेरीज एक रोग असा आहे कीं जो समागमांतून एका कुत्र्याच्या जिवंत कर्कपेशी दुसऱ्याच्या अंगीं रुजल्यानें होतो. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांत तो पुष्कळ दिसतो. व्हिन्क्रिस्टिन ह्या औषधाच्या सुयांनीं तो बहुधा बरा होतो, पण आठवड्या-आठवड्यानें दवाखान्याची वारी करावी लागते. मोकळा फिरणारा गावठी नर असेल तर सहा महिने ते एक वर्ष ह्या वयांत शस्त्रक्रिया करून घ्यावी, असें आम्ही निःसंकोच सांगूं.

मात्र एक युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. एक नर खच्ची केल्यानें गल्लींतील पिल्लांची संख्या घटेल, हा तो होय. एका कुत्रीभोंवतीं सहा नर असतात. त्यांतून एक कमी झाला तरी पिल्लें तितकींच होतील. संख्या आटोक्यांत येते ती मुख्यत्वें कुत्र्यांच्या माद्यांवरील शस्त्रक्रियेनें. मोकाट कुत्र्यांना पकडून, शस्त्रक्रिया व लस देऊन सोडण्याचे नियम आपल्या देशांत २००१ सालीं झाले. त्यांच्या जागीं २०२३ सालीं नवे नियम आले. पाळीव जनावराचें जंतनिवारण, लसीकरण व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे, असें हे नवे नियम सांगतात. तेव्हां घरच्या नरापुरता विचार त्याच्याच हिताचा व शेजाऱ्याच्या कुत्रीचा करावा. नगरपालिकेचें ओझें त्याच्या पाठीवर देऊं नये.

एका बाबतींत वाद उरतच नाहीं. पिल्लू सहा महिन्यांचें झाल्यावर दोन्ही वृषण खालीं उतरले आहेत कीं नाहीं हें डॉक्टरांकडून तपासून घ्यावें. एक पोटांत वा जांघेंत अडकून राहिला असेल तर त्यांत अर्बुद होण्याचा संभव पुष्कळ वाढतो, आणि हें व्यंग पिल्लांत उतरतें. अशा कुत्र्याची शस्त्रक्रिया केलीच पाहिजे.

राहतां राहिला आजोबांचा आक्षेप, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मुक्या प्राण्याचा एक अवयव आपल्या सोयीसाठीं काढावयाचा, त्यास विचारतांहि येत नाहीं, हें खरेंच जड वाटण्याजोगें आहे. जो मालक कुत्र्यास फिरावयास नेण्याचा कंटाळा म्हणून त्यास खच्ची करवितो, त्याच्याविरुद्ध आम्हीहि आजोबांच्या बाजूस बसूं. परंतु दुसरी बाजूहि पाहावी. कुत्र्याच्या नाकास दोन गल्ल्यांपलीकडची माजावर आलेली कुत्री कळते. तो जेवण टाकतो, रात्रभर विव्हळतो, साखळीनें मान सोलून घेतो; आणि हें वर्षांतून कित्येकदां, दहा-बारा वर्षें. अवयव राखून त्याचा हा उपवास चालविणें ही दयाच कीं काय, ह्याचा विचार आजोबांनींहि करावा. ज्या घरास चांगलें कुंपण आहे, जेथें कुत्रा पट्ट्यानेंच बाहेर जातो, स्वभावानें शांत आहे व आसपास कुत्र्यांचा उपद्रव नाहीं, तेथें त्यास तसाच राहूं देण्यांत कांहीं गैर नाहीं; मात्र दरवर्षीं वृषण व प्रोस्टेट तपासून घ्यावी. असें घर आपल्या शहरांत किती जणांचें असतें, तें ज्यानें त्यानें आपल्या खिडकींतून पाहावें.

निर्णय करण्याचा झालाच तर पुढचें काम घरांतील मुलांचें. शस्त्रक्रियेपूर्वीं किती तास उपाशी ठेवावयाचें हें डॉक्टर सांगतात. त्या वेळीं केविलवाण्या डोळ्यांस भुलून पोळीचा तुकडाहि टाकूं नये, कारण भरल्या पोटीं भूल धोक्याची असते. परत आल्यावर गळ्यांत नरसाळ्यासारखी कॉलर असेल. ती त्यास आवडणार नाहीं, तो भिंतींवर आपटेल, आणि धाकटी बहीण ती काढा म्हणून रडेल. पण टांके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, ती राहूं द्यावी, नाहींतर जखम चाटून तो टांके तोडतो. उड्या व पळापळ बंद. जखम सुजली, लाल झाली किंवा पाणी वाहूं लागलें तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. रेबीजची लस दरसाल चालूंच ठेवावी. निर्बीजीकरणाचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. आणि जखम भरून आल्यावर त्याचें खाणें सुमारें पांचवा हिस्सा कमी करावें, कारण शरीराचा खर्च उतरतो पण भूक उतरत नाहीं, उलट वाढते. ताटांतलें उरलेंसुरलें त्याच्या थाळींत ओतण्याची रीत बंद करून, दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्याला उचलून वजनकांट्यावर उभें राहावें व आपलें वजन वजा करून उरलेला आंकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावा.