फोल्डर सारखा रूप का बदलतो?

प्रश्न : विंडोज ११ मध्ये फोल्डर ‘डिटेल्स’मध्ये लावून ठेवते, पण फोटो टाकले की पुन्हा मोठमोठी चित्रं दिसू लागतात. काय करावं?

उत्तर : कॉम्प्युटर बिघडलेला नाही, तो आगाऊपणा करतोय. फोल्डरमध्ये काय भरलंय ते पाहून विंडोज त्याचा प्रकार स्वतःच ठरवतं : साधा, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक की व्हिडिओ. फोटो वाढले की प्रकार बदलतो आणि तुमची मांडणी जाते.

म्हणून प्रकार आपणच ठरवून टाकायचा. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कस्टमाइझ’ टॅब उघडा, ‘ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर’खाली ‘जनरल आयटम्स’ निवडा. आतल्या फोल्डरांनाही तेच हवं असेल तर खालच्या चौकटीत टिक करा. मग ‘डिटेल्स’ लावून, फोल्डर उघडा असतानाच, वरच्या तीन टिंबांतून ‘ऑप्शन्स’, ‘व्ह्यू’ आणि ‘अप्लाय टू फोल्डर्स’. हे बटण फक्त त्याच प्रकारच्या फोल्डरांना लागू होतं. बहुतेकांची फसगत इथेच होते.

‘डाउनलोड्स’मध्ये तारखेनुसार गट पडत असतील तर रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘ग्रुप बाय’ला ‘नन’ करा. रजिस्ट्रीतले उपाय सुचवणारे भेटतील. एवढ्यासाठी तिकडे हात घालू नका.