शाळेत मूल अचानक कोसळलं तर...

सख्यांनो, हृदय अचानक बंद पडणं हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं नाही. हृदयात जन्मजात दोष असेल तर खो-खो खेळणारं पोरही धाडकन कोसळतं. हाक मारली तरी हूं की चूं नाही, श्वास थांबलेला किंवा नुसते आचके. आपल्याकडं मग कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, तोंडात पाणी घालतात. पाणी तर मुळीच नको, ते श्वासनळीत जातं. मदत नाही मिळाली तर दर मिनिटाला वाचण्याची आशा साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. नुसती १०८ च्या गाडीची वाट बघून कसं भागेल?

एकानं १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्यानं लगेच छाती दाबायची. पोराला कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून सुमारे ५ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. शिकलेलं माणूस असेल तर ३० दाबांनंतर तोंडानं २ श्वास द्यावेत. दमलात तर दुसऱ्याला बसवा, थांबू नका. बरगडी मोडली तरी भरून येते.

पण हे वाचून येत नाही, हातानं करूनच येतं. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं निम्म्या महिला असतात, म्हणजे आपल्यातल्याच. पुढच्या बैठकीत विचारा: आरोग्य केंद्राकडून शिक्षकांना आणि खिचडीवाल्या ताईंना शिकवायचं कधी? फोन कोण करणार, फाटक कोण उघडणार? शॉक देणारं एईडी यंत्र जवळ कुठं आहे? आणि पळताना शुद्ध हरपलेलं पोर किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर ते डॉक्टरांना आणि गुरुजींना आधीच सांगा.